नाशिकची थंडी आणि विशेष वर्गातले हात

डिसेंबर उजाडला की अनेक विशेष वर्गांत फळ्याशेजारी कापसाचा हिममानव उभा राहतो. गाजराचं नाक, बटणांचे डोळे, गळ्यात लाल मफलर. नमुना मोबाइलवर सापडलेला असतो, कापूस ताईंनी औषधाच्या दुकानातून आणलेला असतो आणि चिकटवण्याचं बरंचसं कामही ताईंनीच केलेलं असतं. नाशिकच्या मुलाने बर्फ पाहिलेला असतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर किंवा रसवंतीत, तोही भर उन्हाळ्यात. त्याच्या लेखी बर्फ म्हणजे मे महिना. ज्या मुलाला ‘काल’ आणि ‘उद्या’ उमगायलाच फार कष्ट पडतात, त्याच्या हाती थंडी शिकवताना आपण उन्हाळ्याची खूण देतो. मूल कापूस चिकटवतं, टाळ्या वाजतात, फोटो निघतो. थंडी मात्र त्याच्यापर्यंत पोचलेली नसते.

विशेष वर्गातल्या हिवाळी हस्तकलेचा विचार करताना मला दोन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. सामान कुठून येतं, हा पहिला. वस्तू बनताना हात कोणाचा चालतो, हा दुसरा, आणि तोच अधिक अवघड आहे.

सामानाच्या बाबतीत नाशिक जिल्हा श्रीमंत आहे. इथली थंडी नावापुरती नसते. डिसेंबर-जानेवारीत निफाडचं किमान तापमान अनेकदा पाच-सहा अंशांपर्यंत, कधी त्याखालीही उतरतं आणि दुसऱ्या दिवशी राज्यभरच्या वर्तमानपत्रांत निफाडचं नाव येतं. गारठ्याने द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागांत पहाटे शेकोट्या पेटतात, धूर केला जातो. निर्यातीचे घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून ठेवतात. लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात लाल कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. बोलताना तोंडातून वाफ निघते, कपाटातून स्वेटर, कानटोप्या आणि गोधड्या बाहेर येतात. मग भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, संक्रांतीची सुगडं, तिळगूळ, हलव्याचे दागिने आणि येवल्याचे पतंग. ही थंडी मुलाच्या घरात, दारात, नाकातोंडात असते. बौद्धिक अक्षमता असलेलं मूल हाताळलेल्या, चाखलेल्या, हुंगलेल्या गोष्टीवरून शिकतं. ऐकीव आणि कल्पनेतल्या गोष्टी त्याला जड जातात. त्यामुळे स्थानिक सामानाचा आग्रह धरणं हा शिकवण्याच्या पद्धतीचाच भाग आहे, अस्मितेचा मुद्दा त्यात नाही.

थिजलेल्या खोबरेल तेलाचंच पाहा. नाशिकच्या थंडीत बाटलीतलं तेल पांढरं, घट्ट होतं. ती बाटली वर्गात फिरवावी, उलटी करून दाखवावी, मग खिडकीतल्या उन्हात ठेवावी. मधल्या सुट्टीनंतर तेल वाहायला लागलेलं असतं. तेच तेल बोटांना चोळून पुढच्या कामाला बसायचं. थंडी म्हणजे काय आणि ऊन काय करतं, हे त्या बाटलीइतकं स्वच्छ कोणतंही चित्र सांगू शकत नाही.

नाताळाला परका म्हणून बाजूला सारावं असं मात्र मी म्हणणार नाही. नाशिकच्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकापासून ख्रिस्ती वस्ती आहे. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथल्या मिशन शाळेत शिकली, आणि आफ्रिकेतले मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांमधला जेकब वेनराइट हा तिथलाच विद्यार्थी. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत लांबलांबून माणसं येतात. या शहरातल्या खिडक्यांत डिसेंबरभर कागदी चांदणी लटकलेली असते आणि मुलं ती रोज पाहतात. म्हणून चांदणी जरूर करावी. हिममानव मात्र इथे कोणाच्याच अंगणात उभा राहत नाही. त्याला नकली बर्फ म्हणून थर्माकोलचे मणी वापरायचे, तर राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, आणि असा मणी मुलाच्या नाकात किंवा घशात जाण्याची भीती वेगळीच.

स्थानिक सामानातून शिकवण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. मारिया माँटेसरींनी रोममध्ये १९०७ साली बालगृह सुरू केलं, पण त्याआधी त्यांचं काम बौद्धिक अक्षम मुलांसोबत झालं होतं, आणि हाताला काम दिलं की बुद्धी जागी होते हा त्यांचा अनुभव तिथला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ पासून आणि पुढे कोसबाडला ही पद्धत आपल्या मातीत रुजवली, ती शिंपले, बिया, पानं, खडे घेऊन. अरविंद गुप्तांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमितीचे आकार जोडून दाखवले. उपचार म्हणून हस्तकलेकडे पाहणारं व्यवसायोपचाराचं शास्त्र आपल्याकडे आणलं अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमला निंबकर यांनी. या विषयाचं भारतातलं पहिलं विद्यालय त्यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केलं. आज महाराष्ट्रातल्या व्यवसायोपचार पदव्या ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून मिळतात, ते विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. तरीही या जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी विशेष वर्गात व्यवसायोपचारतज्ज्ञ नियमित यावा, असं घडणं फार दुर्मीळ आहे. ही उणीव शिक्षिकाच भरून काढतात आणि हस्तकलेचा तास त्यांच्या हाती उपचाराचा तास होतो.

खुद्द नाशिकमध्ये बौद्धिक अक्षम मुलांच्या शिक्षणाचा पाया रजनी लिमये यांनी घातला. त्यांचा स्वतःचा मुलगा बौद्धिक अक्षम होता. १९७७ साली त्यांनी अशा मुलांसाठी ‘प्रबोधिनी’ची शाळा सुरू केली, तेव्हा बौद्धिक अक्षम व्यक्तींसाठीची सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था स्थापन व्हायला सात वर्षं होती, अपंग व्यक्तींसाठीचा पहिला व्यापक केंद्रीय कायदा यायला अठरा वर्षं होती. तयार अभ्यासक्रम नव्हता, साहित्याची पेटी नव्हती. आज श्रीमती माई लेले श्रवण विकास विद्यालयात कर्णबधिर मुलं शिकतात, सातपूरला नॅब या संस्थेचं दृष्टिबाधितांसाठी काम चालतं, घरकुल परिवारासारख्या संस्थेत बौद्धिक अक्षम मुली-महिला राहतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि ६ ते १८ वयाच्या लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०२२ साली राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. चौकट उभी राहिली आहे. प्रश्न आहे तो तिच्या आत, टेबलावर काय चालतं याचा.

आता हात कोणाचा, याकडे येऊ. ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन असतो. त्याच्या आधी कित्येक शाळांत प्रदर्शनाची घाई सुरू होते आणि तिथेच हस्तकला मुलाच्या हातून निसटते. वस्तू देखणी हवी, पाहुण्यांना आवडायला हवी, म्हणून कापणं ताईंचं, आखणं ताईंचं, गोंद लावणं मावशींचं, आणि मुलाने शेवटी बोट टेकवायचं. प्रदर्शनात नाव मुलाचं लागतं. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. पालकांनाही सुबक वस्तू पाहून धीर येतो आणि अनुदानाच्या तपासणीत सुबक वस्तूच डोळ्यांत भरते. पण वर्षानुवर्षं अशा वस्तू करणाऱ्या मुलाला कात्री धरता येत नाही, दोन रंगांतून एक निवडता येत नाही, आणि झालेली गोष्ट आपण केली असं त्याला कधी वाटतही नाही. माझं मत यात ठाम आहे. वाकडा, सुरकुतलेला, गोंदाने माखलेला, पण मुलाने केलेला पतंग भिंतीवर लागला पाहिजे, आणि देखणा पण ताईंनी केलेला पतंग ताईंच्या घरी गेला पाहिजे.

मग ज्या मुलाला सगळ्या पायऱ्या जमत नाहीत त्याचं काय? विशेष शिक्षणाने याचं उत्तर फार पूर्वी शोधलेलं आहे आणि पतंगासारखं सोपं उदाहरण दुसरं नाही. वर्गातल्या छोट्या पतंगाच्या पायऱ्या पाडू. चौकोनी पतंगी कागद समोर ठेवायचा. उभी काडी मधोमध ठेवायची. तिच्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या. आडवी काडी वाकवून धरायची. तिची टोकं चिकटवायची. शेपटी कापायची. शेपटी चिकटवायची. आता सुरुवात शेवटाकडून करायची. पहिल्या वेळी आधीच्या सगळ्या पायऱ्या ताईंनी मुलासमोर कराव्यात आणि मुलाने फक्त शेपटी चिकटवावी. पतंग पूर्ण झाला तो त्याच्या हातून. पुढच्या वेळी शेपटी कापणं आणि चिकटवणं त्याच्याकडे. मग काडीची टोकं. महिनाभरात मूल एकेक पायरी मागे सरकत जातं आणि प्रत्येक वेळी ‘झालं’ हा क्षण त्याचाच असतो. उलट पहिल्या पायरीपासून सुरू केलं, तर मूल कागद ठेवतं, तिथेच अडतं, आणि बाकीचा पतंग दुसऱ्याच्या हातून पूर्ण होताना बघत बसतं. बरीच मुलं कंटाळतात ती इथे.

मदतीचा हात कुठे ठेवायचा, यालाही महत्त्व आहे. मुलाच्या हातावर आपला हात ठेवून तो हलवला की काम होतं, पण हात आपला चालतो. मुलाच्या हाताखाली आपला हात ठेवला, की त्याला हालचाल जाणवते आणि नको असेल तेव्हा तो हात काढून घेऊ शकतो. दृष्टिबाधित आणि स्वमग्न मुलांच्या बाबतीत हे विशेष पाळायला हवं, कारण अचानक धरलेला हात त्यांना भिववतो. त्याहून कमी मदत म्हणजे कोपराला हलका स्पर्श, त्याहून कमी बोटाने दाखवणं, त्याहून कमी नुसतं थांबणं. थांबणं सर्वांत अवघड आहे. वीस मुलांच्या वर्गात घड्याळाकडे लक्ष असलेल्या शिक्षिकेला ते किती जड जातं, हे समजण्यासारखं आहे. तरी ते करावं लागतं.

पतंगाबद्दल आणखी थोडं, कारण नाशिक जिल्ह्यात थंडीचा कळस हाच असतो. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्च्या भरलेल्या असतात, हलगी वाजत असते. दोरा गुंडाळायच्या फिरकीला तिथे आसारी म्हणतात. ज्या मुलाला कागद चिकटवणं जमत नाही, त्याच्याकडे आसारी द्यावी. दोन्ही हातांनी एकच काम लयीत करणं हे पुष्कळ मुलांच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यातलं उद्दिष्ट असतं आणि आसारी फिरवताना ते खेळता खेळता साधतं. व्हीलचेअरवरच्या मुलाला आसारीवाला होऊन मैदानात मध्यभागी बसता येतं. दोरा साधा, पांढरा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली आहे, शाळेच्या आवारात तो दिसताच कामा नये. पतंगी कागद पटकन फाटतो, म्हणून ज्यांच्या हाताला जोर आवरत नाही त्यांनी आधी वर्तमानपत्राचा पतंग करावा. खराट्याची हीर कामटीची जागा घेते. खळ गव्हाच्या पिठाची शिजवावी, म्हणजे कोणी बोट चाटलं तरी चिंता नाही.

दुसरं भरघोस सामान म्हणजे कांद्याची टरफलं. बाजारात, खानावळीत, घरी, कुठेही पिशवीभर मिळतात आणि फुकट मिळतात. लाल कांद्याच्या टरफलाला जांभळ्यापासून तांबूसपर्यंत छटा असतात. हातात चुरली की कुरकुर आवाज होतो, आणि तो आवाज ऐकण्यासाठीच काही मुलं पुन्हा पुन्हा मूठ वळतात. त्या मूठ वळण्याने बोटांना ताकद येते, हे ताईंना ठाऊक असतं, मुलाला ठाऊक असण्याची गरज नाही. द्राक्षाच्या छाटणीतल्या वाळक्या काड्या कार्डशीटवर आडव्यातिडव्या चिकटवायच्या आणि त्यांच्यावर टरफलांच्या ज्वाळा लावायच्या, की शेकोटी तयार होते. निफाड-दिंडोरीच्या मुलाने अशी शेकोटी बागेत रोज पाहिलेली असते. टरफलं पाण्यात उकळून, तुरटी घालून, पांढरा सुती कपडा बुडवला तर पिवळसर-तपकिरी रंग चढतो. उकळणं मोठ्यांनी करायचं, थंड झाल्यावर कपडा बुडवणं, पिळणं, दोरीवर चिमटे लावून वाळत घालणं मुलांनी. कपड्याचा चिमटा उघडताना अंगठा आणि तर्जनी जेवढी कामाला लागतात तेवढी कुठल्याच महागड्या खेळण्याने लागत नाहीत. कांद्याचा वास काही मुलांना मुळीच सहन होत नाही, त्यांना या कामाला बसवू नये.

गोधडी हा तिसरा विषय आणि मला सर्वांत प्रिय. आजीच्या जुन्या साडीचा तुकडा, बाबांच्या शर्टाचा, स्वेटरचा उसवलेला कोपरा, खणाचा, पोत्याचा. प्रत्येक मुलाला पुठ्ठ्याचा एक चौकोन द्यावा आणि त्यावर तुकडे चिकटवायला सांगावं. पण चिकटवण्याच्या आधी एक गोष्ट: दोनच तुकडे समोर धरावे आणि विचारावं, कोणता? बोलू न शकणारं मूल नजरेने दाखवतं, हात पुढे करतं, एखादा तुकडा ढकलून देतं. ती निवड मानावी, आपल्याला रंगसंगती बरी वाटो न वाटो. ज्या मुलासाठी काय खायचं, काय घालायचं, कुठे बसायचं हे सगळं दुसरे ठरवतात, त्याला दिवसातून एकदा तरी निवड करायला मिळाली पाहिजे, आणि हस्तकलेच्या तासाइतकी सोपी जागा त्यासाठी दुसरी नाही. मोठ्या मुलांसाठी पुठ्ठ्याला कडेने भोकं पाडून बुटाची नाडी ओवून घ्यावी. नाडीचं टोक कडक असल्याने सुई लागत नाही आणि धावदोऱ्याची हालचाल शिकता येते. शेवटी सगळे चौकोन जोडून वर्गाची एकच गोधडी करावी. दृष्टिबाधित मूल तिच्यावरून हात फिरवून आपला चौकोन शोधून काढतं, कारण त्याने पोत्याचा तुकडा निवडलेला असतो. याच वाटेने पुढे पुठ्ठ्याच्या चौकटीवर साडीच्या पट्ट्यांचं विणकाम करता येतं. ‘एक वर, एक खाली’ हा क्रम ज्या जिल्ह्यात पैठणी विणली जाते तिथे मुलांना दाखवायलाच हवा.

बाकीचं थोडक्यात. द्राक्षाचा घड बाटलीच्या झाकणाने ठसे उमटवून होतो आणि मोजणीही होते. अर्धा कापलेला कांदा रंगात बुडवून टेकवला की वर्तुळात वर्तुळं उमटतात. सुगडांवर गेरू आणि चुन्याऐवजी पांढऱ्या पोस्टर रंगाचे ठिपके बोटाने द्यावेत. तिळगुळाचे लाडू गरम पाकाचे नकोत. भाजलेल्या तिळाचं कूट, किसलेला गूळ, थोडं तूप एवढं थंडच मळून वळावं. गिळायला त्रास असलेल्या मुलाला तीळ देण्याआधी त्याच्या पालकांना विचारावं. हलव्याचे दागिने करताना शेंगदाण्याचा मोठा हलवा घ्यावा. चिमटीत एकेक दाणा उचलून गोंदाच्या रेषेवर ठेवणं हा बोटांचा उत्तम व्यायाम आहे. मात्र जी मुलं हाताला येईल ते तोंडात घालतात, त्यांच्याजवळ कडक दाणे, मणी, बटणं ठेवू नयेत. त्यांना मळलेली कणीक द्यावी.

प्रत्येक प्रकारच्या अपंगत्वाला एकच काम वेगळं करून द्यावं लागतं, हे सांगताना पुस्तकं लांबलचक तक्ते देतात. व्यवहारात काही मोजक्या गोष्टी पुरतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे पाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले हवेत. पाय लोंबकळत असतील तर हात स्थिर राहत नाही. कागद चिकटपट्टीने टेबलाला लावावा, ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करावा. स्वमग्न मुलासमोर पायऱ्यांचे फोटो क्रमाने लावावेत आणि काम संपलं की फोटो ‘झालं’ लिहिलेल्या डब्यात टाकू द्यावा. गोंद बोटाला लागला की किंचाळणाऱ्या मुलाला ब्रश द्यावा आणि शेजारी पाण्याची वाटी व नॅपकिन ठेवावा. हात धुता येतील ही खात्री मिळाली तरी त्याची निम्मी भीती ओसरते. एखादं मूल टरफलं चिकटवण्याऐवजी आकारानुसार रांगेत मांडत असेल, तर ती रांग हीच त्याची कलाकृती समजावी. कर्णबधिर मुलांना दाखवताना ताईंनी मान खाली घालून कागदाशी बोलू नये. आधी करून दाखवावं, मग मान वर करून खूण आणि शब्द द्यावा. दृष्टिबाधितांसाठी पेन्सिलीची बाह्यरेषा उपयोगाची नाही, गोंदाने चिकटवलेली सुतळीची रेषा हवी.

आणि थंडी ही स्वतःच एक अडचण आहे, हे हिवाळी हस्तकलेची पुस्तकं सहसा लिहीत नाहीत. गारठ्याने सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे स्नायू अधिक ताठरतात. सकाळच्या पहिल्या तासाला त्यांच्याकडून बारीक काम मागणं अन्यायाचं आहे. वर्ग उन्हात काढावा, कोमट पाण्यात हात बुडवू द्यावेत, कोमट पाण्याने भिजवलेली कणीक मळायला द्यावी आणि मग कात्री हातात द्यावी. थंडीत कित्येकांच्या बोटांना भेगा पडतात. अशा हातांना मिठाच्या पिठाचा गोळा, चुना, लिंबू चरचरतं. मूल काम टाळतं आणि आपण त्याला हट्टी समजतो. आधी त्याचे तळवे बघावेत. डाउन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच मुलांना सर्दी-खोकला लवकर होतो, त्यांच्या अंगावर ओला रंग, ओली बाही तशीच राहू देऊ नये. गोंद आणि रंगही या दिवसांत उशिरा वाळतात. म्हणून एका बैठकीत एकच थर द्यावा, दुसरा दुसऱ्या दिवशी. या थांबण्यातून ‘उद्या’ ही कल्पनाही मुलाला हळूहळू उमगते.

वयाचा मुद्दा मात्र फार दुर्लक्षित आहे. अठरा-वीस वर्षांच्या तरुणाला कापसाचा ससा करायला लावणं हा त्याचा अपमान आहे, त्याची बौद्धिक क्षमता कितीही असो. त्याला दाढी येते, त्याला मोठं म्हणून वागवलेलं कळतं. त्याच्यासाठी हिवाळा हा कामाचा हंगाम असायला हवा. राज्यातल्या प्रौढ कार्यशाळांमधून दिवाळीच्या पणत्या, आकाशकंदील, उटण्याची पाकिटं होतात, लोक ती घेतातही. पण दिवाळी संपली की मागणी आटते. खरं तर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालतं आणि भरपूर वाणं लुटली जातात. कागदी पिशव्या, रंगवलेली सुगडं, तिळगुळाची पाकिटं, कापडी बटवे, यांतली प्रत्येक वस्तू पायऱ्या पाडून बौद्धिक अक्षम तरुणांच्या गटाला करता येते. एक जण घडी घालतो, एक चिकटवतो, एक मोजून दहाचा गठ्ठा बांधतो. त्याचा मोबदला त्याच्या हातात पडावा. आकडा लहान असला तरी चालेल, पण तो त्याचा स्वतःचा हवा.

विशेष शाळेच्या भिंतीबाहेरही हा विषय जातो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर तीव्र अपंगत्व असलेली मुलं घरीच असतात. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक अधूनमधून त्यांच्या घरी जातात. तिथे कार्डशीट आणि फेविकॉलची यादी देऊन उपयोग नाही. तिथे गेरू आहे, तांदळाचं पीठ आहे, बांबूची काडी आहे, भिंत आहे. वारली चित्रातली माणसं त्रिकोण, वर्तुळ आणि रेषांनी बनतात, आणि लेखनपूर्व तयारीत मुलाकडून नेमके हेच आकार गिरवून घेतात. घरच्या भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात, मुलाच्या बसण्याच्या उंचीला, एक पट्टा त्याच्यासाठी राखला तर महिनाभराचं काम होतं. आईला ते शिकवावं लागत नाही, तिला ते येतच असतं. शिक्षिकेने तिला फक्त एवढंच सांगायचं, की हात मुलाचा चालू दे. सर्वसाधारण शाळांत बसणाऱ्या विशेष मुलांसाठीही वेगळी हस्तकला काढू नये. पतंग सगळ्यांचाच असावा. कोणी सातही पायऱ्या करील, कोणी शेपटीच लावील, कोणी आसारी धरील.

नाशिककरांना एक विनंती. येत्या संक्रांतीचं वाण घाऊक बाजारातून आणण्याआधी आपल्या भागातल्या विशेष शाळेला किंवा प्रौढ कार्यशाळेला विचारा. मागणी नोव्हेंबरातच नोंदवा, कारण या हातांना वेळ लागतो. किंमत पाडून मागू नका. आणि पिशवीची कड थोडी वाकडी, ठिपका थोडा बाहेर गेलेला दिसला, तर ती वस्तू बदलून मागू नका.